कानाशी आलेला स्वर

पाबळला मस्तानीच्या समाधीपाशी उभे राहिले की आम्हांला तिच्या गळ्याची आठवण होते. आठवण कसली म्हणा! १७४० साली निमालेला तो स्वर कोणी टिपलेलाच नाही. परंपरा तिला गायननिपुण म्हणते, इतकेच.

आवाजाची दिशा कशी कळते, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये उलगडले. खालच्या स्वरांत दोन कानांमधला काळाचा फरक उपयोगी पडतो, वरच्या स्वरांत डोक्याच्या आडोशाने पडणारा तीव्रतेचा. हा हिशेब दूरच्या आवाजाचा. आवाज हातभर अंतरावर आला की काळाचा फरक फारसा हलत नाही. तीव्रतेचा मात्र खर्जातही वाढतो. ब्रुंगार्ट व रॅबिनोविट्झ यांनी १९९९ मध्ये हे मोजून दाखवले. हेडफोनमध्ये कुजबुज कानाशी आणायची तर हेच गणित लागते.

चित्रपटांनी मस्तानीला दिलेला गळा मात्र सदैव दरबाराच्या अंतरावरून येतो, अशी आमची तक्रार आहे.