मणक्यांच्या पिळाचे मोजमाप
पाठीचा कणा बाजूला वाकण्याच्या विकारास स्कोलिओसिस म्हणतात. यात मणके स्वतःभोवतीही फिरतात आणि बरगड्या एका बाजूस उंचावतात. जॉन कॉब या अमेरिकी शल्यविशारदांनी १९४८ मध्ये मांडलेला कोन केवळ बाजूचा बाक दर्शवतो. पीळ ओळखण्यासाठी नॅश आणि मो यांनी १९६९ मध्ये ० ते ४ अशा श्रेणी ठरवल्या. मणका फिरला की क्ष-किरण चित्रात त्याच्या पेडिकल या भागाची सावली मध्यरेषेकडे सरकते. चौथ्या श्रेणीत ती मध्यरेषा ओलांडते. सीटी स्कॅनद्वारे पीळ अंशांत अधिक अचूक मोजता येतो. मात्र किरणोत्सर्ग वाढतो आणि रुग्ण आडवा असल्याने बाक कमी दिसतो. त्यामुळे वारंवार तपासावे लागणाऱ्या मुलांसाठी उभ्या स्थितीतील, कमी मात्रेची क्ष-किरण तपासणी श्रेयस्कर ठरते.