टोरेंटचा वेग नेमका कोठे अडतो?

पुण्याहून नगर रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर गेले की रांजणगाव लागते. एकीकडे अष्टविनायकांतील महागणपतीचे देवस्थान, तर दुसरीकडे औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या रांगा. वसाहतीला लागून असलेल्या कारेगाव, ढोकसांगवी या गावांत कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आहेत. अशा ठिकाणी इंटरनेटची जोडणी पुष्कळदा एकच असते. राउटर जिन्याखाली टांगलेला आणि त्याचा पासवर्ड चार-पाच खोल्यांत वाटलेला. रात्रपाळीहून परतलेला तरुण संगणकावर एखादे टोरेंट लावतो. वेग मोजणारे संकेतस्थळ चाळीस मेगाबिट दाखवते आणि टोरेंटचा आकडा मात्र चाळीस किलोबाइटपुढे सरकत नाही.

मग सेटिंगशी झटापट सुरू होते. मित्राने सांगितलेले आकडे भरले जातात, ‘वेग वाढवणारी’ सॉफ्टवेअर उतरवली जातात. यातून सहसा काही निष्पन्न होत नाही, कारण मूळ प्रश्न विचारलेलाच नसतो. अडथळा घरात आहे, वाटेत आहे, की ज्यांच्याकडून फाइल यायची त्या माणसांत आहे?

हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. उबुंटू किंवा डेबियन या मुक्त संगणक प्रणालींची अधिकृत टोरेंट त्यांच्या संकेतस्थळांवर असतात आणि जगभरातील असंख्य संगणक ती सदैव पुरवत असतात. त्यांपैकी एक लावून पाहावे. ते जोडणीच्या पूर्ण वेगाने उतरले, तर घर आणि वाट दोन्ही ठीक आहेत. मग दोष त्या विशिष्ट फाइलच्या पुरवठ्यात आहे आणि घरचे कोणतेही सेटिंग बदलून तो दूर होणार नाही. तेही रखडले, तरच पुढची तपासणी हाती घ्यावी.

आधी आकड्यांचा घोळ

सेवा पुरवठादार वेग सांगतात तो बिटमध्ये आणि टोरेंटचे सॉफ्टवेअर दाखवते ते बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे चाळीस मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला पाच मेगाबाइट हीच कमाल मर्यादा. ‘पाचच दाखवते’ ही तक्रार मुळात तक्रारच नव्हे. सहा गिगाबाइटची फाइल या वेगाने वीस मिनिटांत येते.

केंद्र सरकारच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिटच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले होते. हा वेग सेकंदाला अवघा ३२ किलोबाइट भरतो. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ आणले. त्याच्या काही योजनांत पुढे रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजला जात नसे. त्या काळी उबुंटूची एक सीडी ७०० मेगाबाइटची असे. ३२ किलोबाइटच्या वेगाने ती उतरायला सहा तास आणि वर चार-पाच मिनिटे लागत. फुकटची वेळही नेमकी सहाच तासांची! त्यातच भारनियमन होते. तेव्हा उबुंटूची निर्माती कॅनॉनिकल कंपनी मागेल त्याला सीडी टपालाने मोफत धाडत असे (ही योजना २०११ मध्ये बंद झाली) आणि अनेकांना तीच वाट जवळची वाटे, यात नवल नाही. ब्रॉडबँडची किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन मेगाबिट.

सावडीचा व्यवहार

१९९९ मध्ये आलेल्या नॅप्स्टरमध्ये कोणती फाइल कोणाकडे आहे याची यादी कंपनीच्या मध्यवर्ती संगणकांवर असे. न्यायालयीन लढाईत ते संगणक २००१ मध्ये बंद झाले आणि सेवाच संपली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने बिटटोरेंट प्रसिद्ध केले. त्यात फाइलचे लहान लहान तुकडे पाडले जातात. ज्याला जो तुकडा मिळाला तो त्याने इतरांना द्यायचा. प्रत्येक तुकड्याची गणिती खूण टोरेंटच्या फाइलमध्येच नोंदलेली असल्याने भेसळीचा तुकडा आला तर तो टाकून दिला जातो. पूर्ण फाइल जवळ असून ती इतरांना देत राहणारा तो ‘सीडर’, तर अजून घेत असलेला तो ‘पीअर’. सर्वांचा मिळून होतो तो ‘स्वार्म’, म्हणजे थवा.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला हा व्यवहार नवा नाही. सावडीने काम करणे म्हणजे आज सर्वांनी मिळून एकाचे शेत उरकायचे आणि उद्या दुसऱ्याचे. जो दुसऱ्याच्या बांधावर जात नाही, त्याच्या बांधावरही कोणी येत नाही. कोहेन यांनी हाच हिशेब यंत्राकडे सोपवला. मूळ रचनेत प्रत्येक संगणक एका वेळी साधारण चार जणांनाच तुकडे देतो. आपल्याला सर्वाधिक वेगाने देणारे कोण, हे दर दहा सेकंदांनी पाहून ही निवड होते. शिवाय दर तीस सेकंदांनी एखाद्या अनोळखी संगणकाला, त्याने काही दिले नसले तरी, संधी दिली जाते. नव्याने आलेल्याच्या हाती पहिला तुकडा पडतो तो या खुल्या संधीतून.

म्हणूनच ‘अपलोड शून्य करा, डाउनलोड वाढेल’ हा सर्वत्र ऐकू येणारा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो. त्याला अपवाद आहे, हेही खरे. सीडर भरपूर असतील तेथे काहीही न देणाऱ्यालाही फाइल मिळते, हे झुरिचच्या ईटीएच या संस्थेतील संशोधकांनी २००६ मध्ये ‘बिटथीफ’ नावाचे सॉफ्टवेअर लिहून दाखवले होते. पण सीडर भरपूर असतील तेथे वेगाची तक्रारच नसते. थवा लहान असतो, तेथेच हात आखडता घेणारा मागे पडतो.

याउलट अपलोडला मोकळे रान देणेही चुकीचे. आलेल्या पाकिटांची पोच समोरच्याला परत धाडावी लागते आणि ती पोच अपलोडच्याच वाटेने जाते. ती वाट तुंबली की पोच उशिरा पोहोचते, समोरचा हात आवरता घेतो आणि डाउनलोड घसरते. तांब्याच्या तारेवरील जुन्या जोडण्यांत अपलोडची वाट फारच अरुंद असल्याने हा अनुभव घरोघरी येई. आजच्या मोबाइल जोडण्यांवरही तो येतो. अपलोडचा प्रत्यक्ष वेग मोजून त्याच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर मर्यादा घालणे हा यावरचा सर्वांत गुणकारी उपाय. एकाच राउटरवर पाच खोल्या असतील, तर सॉफ्टवेअरमधील ‘यूटीपी’ ही पद्धतही चालू ठेवावी. जोडणीवर गर्दी झाल्याचे दिसताच ती स्वतःहून मागे सरते आणि शेजारच्या खोलीतील व्हिडिओ कॉल अडखळत नाही.

एकाच वेळी किती संगणकांशी संपर्क ठेवायचा, या आकड्याबाबतही गैरसमज आहे. हजाराचा आकडा भरून वेग वाढत नाही. स्वस्त राउटरची नोंदवही भरते आणि साधे संकेतस्थळही उघडेनासे होते. दोनशेच्या आसपासचा आकडा घरगुती वापराला पुरतो. विंडोज एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकने अर्धवट जुळलेल्या संपर्कांवर एका वेळी दहाची मर्यादा घातली होती आणि ती उठवण्यासाठी प्रणालीच्या फाइलला ठिगळ लावण्याची टूम निघाली होती. ही मर्यादा केव्हाच इतिहासजमा झाली, पण ते ठिगळ लावण्याचे सल्ले मात्र अजून फिरत असतात.

बंद दार

घरातला खरा दोष बहुधा निराळाच असतो. राउटरच्या आड असलेला संगणक बाहेरच्यांना हाक मारू शकतो, परंतु बाहेरच्याची हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही बाजूंची दारे बंद असली, तर त्या दोन संगणकांची सहसा गाठच पडत नाही. थव्यात पन्नास जण दिसतात आणि प्रत्यक्ष संपर्क मात्र सात-आठ जणांशीच होतो, तो यामुळे. दार उघडण्यासाठी राउटरमध्ये ‘यूपीएनपी’ चालू करावे किंवा टोरेंटच्या सॉफ्टवेअरला दिलेला पोर्ट हाताने त्या संगणकाकडे वळवावा. ६८८१ ते ६८८९ हे जुने ठरीव पोर्ट टाळून ४९१५२ च्या पुढचा एखादा घेतलेला बरा.

अडचण अशी की, रांजणगावच्या खोल्यांत एवढ्याने भागत नाही. जिन्याखालच्या राउटरच्या आड कोणी आपला दुसरा राउटर लावला, तर दोन दारे होतात. त्याच्याही पलीकडे अनेक पुरवठादार शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो याच प्रकारातला. २०१२ मध्ये हे पत्ते खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आले. अशा वेळी घरच्या राउटरमध्ये काहीही बदलले तरी तिसरे दार बंदच राहते. मार्ग दोन. पुरवठादाराकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागणे, ज्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. अथवा आयपीव्ही६ चालू करणे. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळतो आणि राउटरच्या फायरवॉलने परवानगी दिली की बाहेरची हाक थेट आत येते.

वायफायचेही पाहावे. तीन भिंतींपलीकडे आलेला सिग्नल आणि जुन्या पेन ड्राइव्हवर उतरवली जाणारी फाइल, यांचा दोष टोरेंटच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

वाटेत पुरवठादाराने टोरेंटची वाहतूक मुद्दाम दाबल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील कॉमकास्ट कंपनी बनावट संदेश धाडून टोरेंटचे संपर्क तोडते, हे २००७ मध्ये उघड झाले आणि तेथील दूरसंचार आयोगाने २००८ मध्ये तिला चपराक दिली. तो आदेश २०१० मध्ये न्यायालयात टिकला नाही, हा भाग वेगळा. भारतात २०१८ मध्ये इंटरनेट समानतेची तत्त्वे सेवा परवान्यांच्या अटींत आली. वाजवी वाहतूक व्यवस्थापनाचा अपवाद सोडता, मजकुरानुसार वेग कमी करणे त्यात निषिद्ध आहे. मात्र महिन्याचा ठरलेला डेटा संपल्यावर घटणारा वेग यात मोडत नाही. तक्रार करण्यापूर्वी योजनेतील ती ओळ वाचलेली बरी.

सत्त्याण्णव टक्क्यांवर थांबलेली फाइल

आता उरला थवा. टोरेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अव्हेलेबिलिटी’ नावाचा रकाना असतो आणि फार थोडे लोक तो पाहतात. त्यात ३.४ असा आकडा असेल, तर समोर आलेल्या संगणकांत फाइलच्या तीन पूर्ण प्रती आणि वर काही तुकडे आहेत. आकडा ०.९७ असेल, तर तीन टक्के तुकडे सध्या कोणाकडेच नाहीत. मग थव्यातील सगळे जण सत्त्याण्णववर येऊन थांबतात. दुर्मीळ तुकडा आधी उचलण्याची पद्धत बिटटोरेंटमध्ये आहेच, पण शेवटचा सीडर ते तुकडे इतरांना देण्याआधीच निघून गेला, तर तीही हतबल ठरते. ट्रॅकरची लांबलचक यादी चिकटवण्याचा उपाय येथे फारसा कामाचा नाही. ट्रॅकर केवळ पत्ते सांगतो आणि ते काम २००५ पासून डीएचटी ही विखुरलेली नोंदवहीदेखील करते. माणसेच नसतील, तर पत्ते कोणाचे सांगणार?

मराठीला याची झळ थेट बसते. इंग्रजी फाइलला जगभरचा थवा मिळतो, तर मराठीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके संगणक. इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकेतील ग्रंथसंग्रहात स्वामित्वहक्क संपलेली कितीतरी जुनी मराठी पुस्तके स्कॅन होऊन पडली आहेत. त्यांतील पुष्कळशी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’तून आलेली. ऑगस्ट २०१२ मध्ये या संस्थेने आपल्या दहा लाखांहून अधिक वस्तूंची टोरेंट खुली केली. त्या टोरेंटना संस्थेचे स्वतःचे संगणक फाइल पुरवतात, म्हणून वाचकाला इतर सीडरची उणीव एरवी जाणवत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि संकेतस्थळ काही दिवस बंद पडले. ज्या पुस्तकाचे टोरेंट संस्थेखेरीज कोणी पुरवत नव्हते, त्याचा त्या दिवसांतील वेग शून्य होता.

येथे कायद्याची बाजू सोडून चालणार नाही. टोरेंटमध्ये घेणारा त्याच क्षणी देणाराही असतो आणि त्याचा आयपी पत्ता थव्यातील प्रत्येकाला दिसतो. २०१६ मध्ये ‘सैराट’ चित्रपटगृहांत गर्दी खेचत असतानाच त्याची चोरटी प्रत इंटरनेटवर फिरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी स्पष्ट केले की, गुन्हा नुसते पाहण्यात नसून परवानगीविना वितरण वा जाहीर प्रदर्शन करण्यात आहे. टोरेंट लावणारा नेमका वितरणाच्या बाजूला उभा असतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे.

मुक्त सॉफ्टवेअर आणि हक्क संपलेली पुस्तके यांबाबत ही धास्ती नाही आणि वेगाचा खरा उपायही तेथे करता येतो. फाइल पूर्ण उतरताच टोरेंट काढून टाकण्याची सवय मोडली की झाले. निदान जेवढे घेतले तेवढे परत देईपर्यंत, म्हणजे प्रमाण १.० होईपर्यंत, ते चालू ठेवावे. पूर्वी उतरवलेली फाइल अजून संगणकावर असेल, तर तीही पुन्हा थव्यात आणता येते. तेच टोरेंट उघडून जुना फोल्डर दाखवावा आणि ‘फोर्स रीचेक’ची आज्ञा द्यावी. सॉफ्टवेअर प्रत्येक तुकडा खुणेशी ताडून पाहते, काहीही नव्याने न उतरवता शंभर टक्के दाखवते आणि वाटप सुरू करते. कारेगावच्या खोलीतले दार बाहेरून बंद असले, तरी ज्यांची दारे उघडी आहेत त्यांना हा संगणक आपणहून हाक मारू शकतो. सत्त्याण्णववर अडकलेल्या वाचकाला राहिलेले तीन टक्के अशा एखाद्या रात्री चालू ठेवलेल्या संगणकावरून मिळतात.