चिनहटच्या कढईतील मासळी

संस्थेचा इतिहास सभावृत्तांतांत सापडतो. समाजाचा मात्र पुष्कळदा स्वयंपाकघरात. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मागे वळून पाहताना म्हणूनच आम्हांला एका साध्या पदार्थाची, पिठात बुडवून तळलेल्या माशाची, हकीकत सांगावीशी वाटली.

आमची वस्ती चिनहटची. लखनौच्या पूर्वेस, फैजाबादच्या वाटेवरील हे गाव ३० जून १८५७ च्या लढाईमुळे इतिहासात गेले. सर हेन्री लॉरेन्सची फौज त्या दिवशी रणरणत्या उन्हात उपाशीपोटी चालून आली आणि पराभूत होऊन परतली. पोटाची दखल इतिहासालाही घ्यावी लागते, ती अशी.

कोकणातून येथे आलेल्या आमच्या घरांची पहिली अडचणही पोटाचीच होती. समुद्र दूर राहिला. बांगडा, सुरमई, पापलेट ही नावे गावाकडच्या पत्रांतूनच भेटू लागली. बाजारात मिळे तो गोड्या पाण्यातला रोहू. त्याला हळद, आले-लसणाचे वाटण लावून रव्यात घोळवले, तरी मातकट वास पुरता जात नसे आणि पाणी सुटलेल्या जाड तुकडीवरचा रवा तेलात गळून पडे. शेजारच्या अवधी गृहिणींनी मार्ग दाखविला : बेसन, ओवा आणि मोहरीचे तेल. मुलांना तो चटकन रुचला. थोरल्या काकूंनी मात्र ताट बाजूस सारले. "ही तर भजी झाली! मासा आपला नाही, आता रीतही आपली नको का?" परप्रांतातील प्रत्येक घराला भाषा, सण, चालीरीती एकेक करून सुटण्याचे भय असते, ते त्या दिवशी आमच्या ताटात उतरले होते.

उत्तर आम्हांला ग्रंथात सापडले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. मराठीच्या जुन्या नमुन्यांसाठी अभ्यासक ज्या ग्रंथाकडे वळतात, तोच हा. त्यातील अन्नविचारात माशाचे तुकडे चिंचेच्या रसाने संस्कारून, पीठ लावून तेलात तळण्याची कृती आहे. म्हणजे पिठाचे आवरण आपल्याकडेही आठशे वर्षांहून जुने! उलट काकूंच्या वाटणातील मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून पुढे कितीतरी शतकांनी आली. जे आज आपले, तेही एके काळी पाहुणेच होते.

मग दोन्ही रीतींचा मेळ घातला गेला. रोहूच्या तुकड्यांना हळद, मीठ आणि गावाहून आलेल्या आमसुलांचे दाट पाणी लावून त्या अर्धा तास ठेवायच्या व नंतर पुसून कोरड्या करायच्या. कोरड्या तुकडीलाच पीठ धरते. तीन वाट्या बेसनास एक वाटी तांदळाचे पीठ, ओवा, तिखट, मीठ. भिजवायचे ते थंड पाण्यात व तळण्याच्या ऐन वेळी. तांदळाच्या पिठाने आवरण कुरकुरीत होते. मोहरीचे तेल धुरावेपर्यंत तापवून किंचित निवू द्यायचे. तेल पुरेसे तापलेले असले की तुकडीतील पाण्याची वाफ जोराने बाहेर पडते आणि तेलाला आत शिरू देत नाही. म्हणूनच कढईत एका वेळी दोन-तीनच तुकड्या सोडायच्या. गर्दी झाली की तेल निवते आणि पीठ मऊ पडते.

झिलईच्या भांड्यांसाठी चिनहट एके काळी नावाजलेले होते. तसल्याच एका बशीतून त्या तुकड्या काकूंपुढे गेल्या. त्यांनी एक तोडून पाहिली, आमसुलाची चव ओळखली आणि काही न बोलता दुसरी घेतली. पुढे श्रावण सरला की "रोहू आणा रे" असे प्रथम त्याच म्हणू लागल्या.

लखनौच्या नवाबी कमानींवर कोरलेले जोडमासे आम्ही नित्य पाहतो. त्यांतला एक इथला आणि एक आमचा, असे आता म्हणावयास हरकत नसावी. आपले जपणे म्हणजे दुसऱ्याचे नाकारणे नव्हे. मंडळाची पन्नास वर्षे तरी याहून वेगळे काय सांगतात?