टॉप क्वार्क : एका शोधाची अठरा वर्षे

विज्ञानाच्या इतिहासात शोधाचा दिवस आवर्जून नोंदवला जातो; तो जाहीर करण्याचा मोह आवरला, त्या दिवसांची नोंद क्वचितच होते. टॉप क्वार्कचा विषय मी आजच्या व्याख्यानासाठी निवडला, तो अशा दिवसांसाठी.

क्वार्कांच्या तीन जोड्या असाव्यात, असे अनुमान कोबायाशी आणि मास्कावा यांनी १९७३ साली मांडले. १९७७ साली शिकागोजवळच्या फर्मी प्रयोगशाळेत लेडरमन यांच्या गटाला पाचवा, म्हणजे बॉटम क्वार्क सापडला. त्याला जोडीदार असणार, याविषयी बहुतेकांना शंका नव्हती. तो किती जड, हे मात्र सिद्धान्त सांगत नव्हता. जर्मनीत, जपानात, जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये यंत्रे वाढत गेली आणि हा कण हुलकावणी देत राहिला. १९८४ साली सर्नमधील यूए-१ गटाला त्याच्या खुणा दिसल्यासारखे वाटले. पुढील मोजमापांत तो दावा टिकला नाही.

अखेर फर्मी प्रयोगशाळेतील टेव्हाट्रॉनमध्ये, सहा किलोमीटरहून अधिक परिघाच्या वलयात, प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन समोरासमोर आदळू लागले. टकरीची ऊर्जा वस्तुमानाचे रूप घेते. पण अब्जावधी टकरींत एखादीच टॉपची जोडी जन्मते आणि तत्क्षणी विघटन पावते. कण स्वतः दिसत नाही. मागे राहिलेल्या इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि कणांच्या झोतांवरून त्याची ओळख पटवावी लागते. तशाच खुणा इतर प्रक्रियाही उमटवतात. खरी कसोटी येथे होती.

एप्रिल १९९४ मध्ये सीडीएफ गटाच्या हाती अशा १२ घटना होत्या. टॉप नसतानाही असे दिसण्याची शक्यता सुमारे चारशेत एक. व्यवहारात आपण एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होतो. त्या गटाने मात्र ‘शोध’ हा शब्द टाळून ‘पुरावा’ एवढेच म्हटले. पुढे आकडेवारी वाढली. २ मार्च १९९५ रोजी सीडीएफ आणि त्याचा प्रतिस्पर्धी डी-झिरो या दोन्ही गटांनी शोध जाहीर केला. तेव्हा चुकण्याची शक्यता दहा लाखांत एक-दोन इतकीच उरली होती. डी-झिरो गटात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

प्रोटॉनच्या सुमारे १८४ पट जड असा हा कण आजही ज्ञात मूलकणांत सर्वांत जड आहे. टेव्हाट्रॉन २०११ साली बंद झाले. त्याची जागा अधिक सामर्थ्यशाली यंत्राने घेतली. ‘शोध’ आणि ‘पुरावा’ या दोन शब्दांतले अंतर जपण्याचे काम मात्र कोणत्याही यंत्रावर सोपवता येत नाही. शाळेने विद्यार्थ्याला द्यावयाचा संस्कार माझ्या मते हाच आहे.