आघातशामकाची किल्ली

स्प्रिंगचे काम धक्का झेलण्याचे. परंतु झेललेला धक्का ती पोटात ठेवीत नाही, परत करते, आणि त्यामुळे खड्डा मागे पडल्यावरही गाडी कितीतरी वेळ डोलत राहते, ही अडचण घोडागाडीच्या मंद चालीत फारशी जाणवली नव्हती. मोटारीचा वेग वाढला तेव्हा मात्र या डोलण्याचा बंदोबस्त करणे भाग पडले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समधील त्रूफो याने दोन भुजांच्या सांध्यात चकत्या दाबून बसविलेला घर्षणशामक योजिला. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड याने त्याचा प्रसार केला. सांध्यावरचा नट आवळला की गाडी कडक, सैल केला की नरम, इतका त्याचा सरळ कारभार. पण घर्षणाचा जन्मजात दोष असा की, हालचाल सुरू होताना ते जितके असते तितके हालचाल चालू असता राहत नाही. परिणामी बारीक खडे थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोचत, आणि मोठ्या हिसक्याच्या वेळी प्रतिरोध उणा पडे.

तेलाचा स्वभाव याच्या उलट. अरुंद छिद्रातून त्याला जितक्या त्वरेने ढकलावे तितका त्याचा विरोध वाढतो. मोरीस हूदाय याच्या नावाने ख्यात झालेले, पंख्याने तेल रेटणारे आघातशामक फोर्डच्या मॉडेल ‘ए’ गाडीवर बसत, आणि त्यांतील छिद्राचा अंमल एका सुईकडे असे. पुढे श्रीमंत गिऱ्हाइकांना ती फिरविण्यासाठी खाली वाकण्याचाही कंटाळा आला असावा. कारण १९३०च्या दशकात रोल्स-रॉइसने कडकपणा ठरविण्याची ही तजवीज सुकाणूच्या चाकावरील दांडीकडे सोपविली, आणि १९६०च्या दशकात अ‍ॅस्टन मार्टिन डीबी ५ गाडीच्या मागील शामकांसाठी चालकापुढे विजेचे बटण आले.

हॉलंडमधील आउड-बेयरलांड गावी १८५७ साली घोड्यांचे साज करणारे दुकान म्हणून ज्या कोनी कारखान्याचा उगम झाला, त्याने मात्र कडकपणाची किल्ली बाहेर न ठेवता नळीच्या आतच लपविली. शामक गाडीवरून उतरवून, उभा धरून, दांडा तळापर्यंत दाबावा व हळूच फिरवावा, म्हणजे दांड्याच्या टोकावरील समायोजक नट तळच्या झडपेच्या खाचेत अडकतो. मग उजवीकडे फिरविले की उसळीचा प्रतिरोध वाढतो. ही वाढ मुख्यतः झिजेची भरपाई म्हणून राखून ठेवलेली. परंतु राखीव वस्तूचे सर्वत्र जे होते तेच येथे झाले: अनेक मालकांनी तिला हात लावला नाही, आणि वर्षानुवर्षे न फिरलेला नट चिकट झालेल्या तेलात अथवा गंजात जखडून बसला.

अशा शामकावर बळाचा प्रयोग करण्याची घाई हीच खरी आपत्ती. पाइपपाना थेट चकचकीत दांड्यावर लावला की ओरखडा पडतो, ओरखडा तेलाच्या सीलला कापतो, आणि नट सुटला तरी तेल गळू लागते. पकड घ्यावयाची ती वरच्या डोळ्याला, अथवा मऊ धातूच्या जबड्यात धरून. बाहेरून गंजतेल ओतणे म्हणजे बंद घराच्या भिंतीवर औषध शिंपडणे. ते नटापर्यंत पोचतच नाही. त्याऐवजी दांडा अनेकदा पूर्ण वर-खाली करून आतील तेल खेळते करावे, मग तळाशी दाबून खाच सापडेपर्यंत सावकाश चाचपावे, आणि ती सापडल्यावर एका दिशेने जोर न करता थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे असे हलवीत राहावे. पुष्कळदा खाच न सापडण्याचे कारण नट अडकणे हे नसून दांडा पुरता न दाबला जाणे हे असते. दांड्यावरील धक्का-रबर (बम्प रबर) काढल्याशिवाय तो तळ गाठतच नाही. एवढे करूनही नट हलला नाही, तर नळी उघडून नवे सील घालणाऱ्या कसबी कारागिराकडेच शामक सोपवावा. सुटला, तर प्रथम तो आधीच किती आवळलेला आहे हे अर्ध्या फेऱ्यांनी मोजावे, हवी तितकी कड द्यावी, आणि दांडा न फिरविता निदान एक सेंटिमीटर सरळ वर ओढून खाच सोडवावी. त्याच आसावरील दुसऱ्या बाजूचा शामकही तितक्याच अर्ध्या फेऱ्यांवर आणावा.