एइकाइवा : जपानी माणसाचे इंग्रजी आणि गप्पांचे वर्ग

जपानमध्ये शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाणाऱ्या मराठी तरुणांना एका गोष्टीचे हटकून आश्चर्य वाटते. ज्या देशातील प्रत्येक विद्यार्थी शाळेत किमान सहा वर्षे इंग्रजी शिकतो, तेथील सुशिक्षित माणूस इंग्रजीत साधा रस्ता विचारला तरी गोंधळतो. तो इंग्रजी वाचतो, व्याकरणाचे नियमही त्याला पाठ असतात. अडते ते फक्त बोलण्यापाशी. ही अडचण जपानी समाजाने केव्हाच ओळखली आणि तिच्यावर शाळेबाहेरचा एक उपाय शोधला. त्याला ते 'एइकाइवा' म्हणतात. 'एइ' म्हणजे इंग्रजी आणि 'काइवा' म्हणजे संभाषण. या नावाखाली खासगी शिकवण्या येतात, तसेच गावोगावच्या सभागृहांत, चहाच्या दुकानांत आणि महाविद्यालयांत भरणारे गप्पांचे मेळावेही येतात.

परंपरा जुनीच

इंग्रजी बोलण्यासाठी माणसांच्या शोधात फिरणे जपानला नवे नाही. आधुनिक जपानचे एक शिल्पकार मानले जाणारे फुकुझावा युकिची १८५९ मध्ये योकोहामा बंदरात गेले, तेव्हा वर्षानुवर्षे कष्टाने शिकलेली डच भाषा तेथे निरुपयोगी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. ते इंग्रजीकडे वळले. शब्दकोश मिळाला, पण उच्चार कोण सांगणार? मग वादळात वाहून जाऊन परदेशी राहिलेले आणि मायदेशी परतलेले जपानी खलाशी गाठून त्यांनी उच्चार विचारून घेतले. अशाच परतलेल्यांपैकी नाकाहामा मांजिरो हा कोळ्याचा मुलगा. १८४१ मध्ये अमेरिकन व्हेल-शिकारी जहाजाने त्याला वाचवले होते. १८५९ मध्ये त्याने जपान्यांसाठी इंग्रजी संभाषणाचे पुस्तक लिहिले.

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर ही गरज घराघरांत पोहोचली. १९४५ मध्ये निघालेली अवघ्या ३२ पानांची जपानी-इंग्रजी संभाषण पुस्तिका त्या वर्षअखेरीपर्यंत सुमारे ३६ लाख प्रतींपर्यंत खपली. फेब्रुवारी १९४६ मध्ये हिराकावा तादाइची यांनी 'एनएचके' रेडिओवर इंग्रजी संभाषणाचा कार्यक्रम सुरू केला. त्याचे शीर्षकगीत एका जपानी बालगीताच्या चालीवर बांधलेले होते आणि तो 'कम कम इंग्लिश' या नावाने ओळखला गेला. श्रोते केवळ ऐकून थांबले नाहीत. ठिकठिकाणी 'कम कम क्लब' निघाले, शेजारीपाजारी एकत्र जमून रेडिओवर ऐकलेली वाक्ये एकमेकांशी बोलू लागले. आजच्या मेळाव्यांची बीजे या मंडळांत दिसतात.

जीभ का अडखळते?

याची काही कारणे भाषेत आहेत. जपानीत बहुतेक अक्षरे स्वरान्त असतात आणि जोडाक्षरांना फारसे स्थान नाही. त्यामुळे 'स्ट्राइक' या शब्दाचा 'सुतोराइकु' होतो. आपल्याकडे स्टेशनचे 'ठेसन' झाले, त्यातलाच हा प्रकार. 'र' आणि 'ल' यांतील भेद जपानी कानाला सहजी जाणवत नाही. शिवाय इंग्रजीतून घेतलेल्या अनेक शब्दांचे अर्थ जपानात बदलले आहेत. तेथे 'मान्शोन' म्हणजे वाडा नव्हे तर सदनिकांची इमारत, 'हान्दोरु' म्हणजे मोटारीचे स्टिअरिंग आणि 'बाइकिंगु' म्हणजे हवे तेवढे वाढून घेण्याचे जेवण. हे शब्द इंग्रजीच आहेत असे समजून जपानी माणूस ते बोलतो आणि समोरचा बुचकळ्यात पडतो.

दुसरे कारण परीक्षेचे. विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत इंग्रजीचे वाचन आणि श्रवण तपासले जाते, बोलणे नाही. बोलणेही तपासणाऱ्या खासगी चाचण्यांचा उपयोग या परीक्षेत करण्याची योजना सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ऐनवेळी स्थगित केली. जपानच्याच पुढाकाराने १९७९ मध्ये सुरू झालेल्या आणि नोकरीसाठी महत्त्वाच्या ठरलेल्या 'टोइक' परीक्षेचे मूळ स्वरूपही श्रवण व वाचनापुरतेच होते. आता चित्र थोडे बदलत आहे. २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला, तर टोकियो महानगराने २०२२ पासून माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांची तोंडी चाचणी सुरू केली. तरीही जी पिढी आज नोकरीत आहे, तिचे इंग्रजी बव्हंशी मुक्यानेच शिकलेले आहे.

तिसरे कारण स्वभावाचे म्हणावे लागेल. चारचौघांत चूक होण्यापेक्षा गप्प बसणे बरे, ही भावना तेथे प्रबळ आहे. वर्गात हात वर न करणारा विद्यार्थी अनेकदा उत्तर जाणत असतो. त्याला हवी असते ती चूक केली तरी चालेल अशी जागा.

मेळाव्यांचे प्रकार

अशी जागा जपानात अनेक रूपांत आढळते. शहर वा प्रांत पातळीवरील 'आंतरराष्ट्रीय स्नेहसंघ' स्थानिक परदेशी रहिवाशांना आणि नागरिकांना एकत्र आणतात. हे कार्यक्रम पुष्कळदा 'कोमिन्कान' या सार्वजनिक सभागृहांत होतात. १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्याने आधार दिलेली ही सभागृहे म्हणजे आपल्याकडील समाजमंदिर आणि वाचनालय यांचा मिलाफ म्हणता येईल. विद्यापीठांत 'इंग्लिश स्पीकिंग सोसायटी' ही विद्यार्थ्यांनी चालवलेली मंडळे असतात. तेथे वादविवाद, भाषणे आणि इंग्रजी नाटके होतात. शहरांतील 'एइकाइवा कॅफे'त ठरावीक शुल्क भरून चहा घेता घेता तासभर गप्पा मारता येतात. भाषा-देवाणघेवाणीच्या बैठकीत निम्मा वेळ इंग्रजी आणि निम्मा वेळ जपानी असा करार असतो.

याखेरीज १९७९ मध्ये जपानच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेने सुरू केलेली 'सदिच्छा मार्गदर्शक' योजना आहे. तीत स्वयंसेवक परदेशी पाहुण्यांना विनामूल्य शहर दाखवतात. पाहुण्याने प्रवासखर्च आणि तिकिटांचा भार उचलायचा असतो. स्वयंसेवकाला बोलण्याचा सराव मिळतो, पाहुण्याला शहराचा परिचय होतो.

या सामूहिक प्रयत्नांचे मोल २००७ मध्ये विशेष जाणवले. त्या वर्षी 'नोव्हा' ही देशातील सर्वांत मोठी संभाषण-शिकवणी कंपनी कोसळली आणि आगाऊ शुल्क भरलेले लाखो विद्यार्थी अडचणीत आले. सभागृहातील मेळाव्याचे असे होत नाही. तेथे गुंतवणूक असते ती फारतर चहाच्या पैशांची आणि रविवारच्या दोन तासांची.

मराठी माणसाचे स्थान

साधारण २००० सालापासून संगणक अभियंत्यांची ये-जा वाढल्यावर टोकियोच्या एदोगावा भागातील निशी-कासाइ परिसरात भारतीयांची मोठी वस्ती झाली. तेथे आलेल्या भारतीय शाळांत इंग्रजीच्या ओढीने काही जपानी पालकांनीही आपली मुले घातली. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या प्रभाग सभेवर निवडून आले. इंग्रजी फक्त अमेरिकन वा ब्रिटिश माणसाकडूनच शिकावे, ही समजूत अशा सहवासाने हळूहळू सैल होते. 'राकुतेन' या जपानी कंपनीने २०१२ मध्ये इंग्रजी ही कार्यालयीन भाषा केली, तेव्हा जपानी कर्मचाऱ्यांना ज्यांच्याशी बोलायचे होते त्यांत भारतीय अभियंतेही होते.

इकडे महाराष्ट्रात याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आदी ठिकाणी जपानी शिकवली जाते. पण विद्यार्थी ज्या परीक्षेची तयारी करतात, त्या 'जेएलपीटी'त बोलण्याची चाचणीच नाही. म्हणजे वरची पातळी उत्तीर्ण झालेला मराठी विद्यार्थी आणि इंग्रजीत उत्तम गुण मिळवलेला जपानी अधिकारी समोरासमोर आले, तर दोघेही गप्प बसण्याचा संभव. दोघांची गरज मात्र एकमेकांकडूनच भागू शकते. जपानी वाक्यरचना मराठीप्रमाणे कर्ता-कर्म-क्रियापद अशीच असल्याने मराठी माणसाला जपानी सहकाऱ्याची इंग्रजी वाक्ये उलटसुलट का होतात, हेही लवकर उमजते.

आपल्या वसाहतीत काय करता येईल?

पनवेलच्या खांदा कॉलनीचा विचार करू. सिडकोने वसवलेली ही वसाहत, जवळच खांदेश्वर स्थानक, शेजारी महाविद्यालय. जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून उभा राहिलेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ पासून या टापूच्या वापरात आहे. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी झालेल्या करारामुळे रुग्णसेवा, बांधकाम, शेती अशा क्षेत्रांतील तरुणांनाही जपानचा मार्ग खुला झाला आहे. तेथे गेल्यावर वरिष्ठाला शंका विचारता न येणे म्हणजे कामावरील अपघातालाही निमंत्रण. तेव्हा हा प्रश्न निव्वळ हौसेचा राहत नाही.

गृहसंकुलाचे सभागृह, दहा-बारा माणसे आणि महिन्यातून दोन रविवार एवढ्यावर देवाणघेवाणीची बैठक सुरू होऊ शकते. जपानी पाहुणा प्रत्यक्ष येणे शक्य नसेल, तर मोठ्या पडद्यावर व्हिडिओ कॉलने जोडता येतो. जपानातील मेळाव्यांत रूढ असलेली काही पथ्ये येथेही उपयोगी पडतील :

• चार-चार जणांचे गट करावेत आणि दर पंधरा मिनिटांनी जोडीदार बदलावा.

• विषय आधी कळवावा. जपानी माणसाला तयारी करून बोलणे आवडते.

• प्रश्न विचारल्यावर थांबावे. आपल्याला लांबलेली वाटणारी शांतता त्याच्यासाठी विचार करण्याचा वेळ असते. मध्येच वाक्य पुरे करून देऊ नये.

• 'हाइ' म्हणजे दरवेळी होकार नव्हे. पुष्कळदा त्याचा अर्थ 'ऐकतो आहे' एवढाच असतो.

• नकारार्थी प्रश्न टाळावेत. 'तुम्ही येणार नाही का?' याला जपानी माणूस 'येस' म्हणाला, तर त्याचा अर्थ बहुधा 'बरोबर, येणार नाही' असा असतो.

• चुका लगेच दुरुस्त करू नयेत. शेवटी दोन-तीन महत्त्वाच्या सांगाव्यात.

• आपणही वेग कमी करावा. भरभर बोललेले आपले इंग्रजी परक्या कानाला तितकेच अवघड असते.

• घड्याळ लावून निम्मा वेळ जपानीसाठी राखावा, म्हणजे एकच बाजू शिक्षक आणि दुसरी विद्यार्थी असे होत नाही.

फुकुझावांना खलाशी शोधत हिंडावे लागले, 'कम कम'च्या श्रोत्यांना रेडिओ आणि शेजारी पुरले. व्याकरण पुस्तकातून येते, पण जीभ वळते ती माणसांत बसल्यावर. त्यासाठी लागणारे सभागृह आणि मोकळा रविवार खांदा कॉलनीतही आहेतच.