मोटोक्रॉस क्रमांक-स्टिकर

मोटोक्रॉस दुचाकीच्या पुढच्या पाटीवर व दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर चिकटवलेला, स्पर्धकाच्या पसंतीनुसार छापलेला क्रमांक. चिखलात चालक ओळखण्याची हीच खात्रीची खूण. त्यामुळे नक्षीपेक्षा अंकांचा ठळकपणा महत्त्वाचा. विनाइलवर छपाई करून वर जाड पारदर्शक थर देतात, कारण बूट आणि गुडघे सतत घासतात. प्लॅस्टिकच्या टाकीतून पेट्रोलची वाफ झिरपून फुगे येतात, म्हणून टाकीवरच्या स्टिकरला बारीक छिद्रे असतात. पूर्वी जागतिक स्पर्धेत ५०० सीसीला पिवळी, २५० ला हिरवी, १२५ ला काळी पार्श्वभूमी असे. गुणतालिकेतील अग्रणीला लाल पाटी मिळते. नऊ विश्वविजेतेपदे मिळवणाऱ्या इटलीच्या अँटोनियो कैरोलीने मात्र विजेत्याचा १ बाजूला ठेवून आपला २२२ जपला.